एक नग कमी

"थांब, थांब. हा समुद्री चाचा कुठून आला?" मावशींनी चादर हवेत तशीच धरून विचारलं. "आत्ता तर ती हॉटेलात होती ना?"

"लिफ्टमधून आला," ताई पुस्तकातून मान वर न करता म्हणाल्या.

"हॉटेलच्या लिफ्टमधून चाचा?"

"मावशी, ही लिफ्ट मजल्यांवर जात नाही, वर्षांवर जाते. काल वाचलं की आपण. नायिकेने चुकीचं बटण दाबलं, लिफ्ट पार जुन्या काळात गेली, दार उघडलं तर समोर जहाज. चाचा आत शिरला."

"तलवार घेऊन?"

"तलवार घेऊन."

"आणि लिफ्टमन काही बोलला नाही?"

ताईंनी वरच्या दोन ओळी पुन्हा पाहिल्या; लेखकाने लिफ्टमनचं काही लिहिलंच नव्हतं. दाराशी मुकादम उभे होते. मुकादम वाचन कधीच ऐकत नाहीत, ते फक्त त्या वेळी दाराशी उभे असतात. ते म्हणाले, "त्या काळात लिफ्टला वीज कुठून मिळाली, ते आधी विचारा."

आमची खोली म्हणजे इस्पितळाच्या धुलाई विभागातली घड्यांची खोली. धुण्याची यंत्रं भिंतीपलीकडे. पिळून आलेली ओली चादर मी एका बाजूने तापलेल्या रोलरखाली सरकवतो, दुसऱ्या बाजूने ती कोरडी, कडक होऊन टेबलावर येते, आणि तिथे मावशी आणि वहिनी समोरासमोर उभ्या राहून तिची घडी करतात. मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही, चार कोपऱ्यांना चार हात लागतात. आणखी दोघीतिघी उशांचे अभ्रे आणि डॉक्टरांचे झगे बघतात, पण त्या या गोष्टीत फारशा येत नाहीत, कारण त्या खरोखरच कामाशी काम ठेवून असतात. मला तिथे सगळे रोलर म्हणतात. कामावरून म्हणतात, पोटावरून नाही, असा माझा समज आहे आणि तो कोणी दूर करू नये.

ताई घड्या करत नाहीत. त्या टेबलाच्या टोकाला स्टुलावर बसून आम्हाला वाचून दाखवतात. त्यांच्या वाटणीच्या चादरी बाकीचे आपसांत वाटून घेतात. कागदोपत्री त्या घडी कामगार आहेत, आणि मुकादमांनी त्या कागदावर आजवर सही केलेली आहे.

याला कारण आहे, आणि ते खोलीत सगळ्यांना ठाऊक आहे. मी लागण्याआधी रोलरवर ताई होत्या. एकदा मावशी कापड सरळ करायला वाकल्या आणि त्यांच्या एप्रनची सुटलेली नाडी चादरीबरोबर आत ओढली गेली. मावशीही तिच्यामागे ओढल्या जायला लागल्या. ताईंनी नाडी ओढून तोडली, मावशी वाचल्या, पण ताईंचा उजवा हात आत गेला. आता त्या हाताची दोन बोटं वळत नाहीत आणि अंगठ्यात जोर नाही. चादरीचा कोपरा त्या हातात ठरत नाही. रोलरसमोर आज जी लाल पट्टी आहे, जिला बोट लागलं की यंत्र थांबतं, ती पट्टी ताईंच्या हातानंतर बसली. मी रोज तिच्यामागे सुरक्षित उभा असतो.

इस्पितळाने ताईंना हलकं काम द्या म्हणून कळवलं. धुलाईत हलकं काम नसतं, इथे पाणी शोषलेला टॉवेलसुद्धा वजनदार असतो. तेव्हा मावशींनीच म्हणे पहिल्या दिवशी वर्तमानपत्र त्यांच्यापुढे टाकलं आणि म्हणाल्या, "वाच. डोकं शिणलंय माझं या यंत्राच्या घरघरीनं." पुढे वर्तमानपत्राची मासिकं झाली, मासिकांच्या कादंबऱ्या झाल्या. यंत्रावर ओरडून ओरडून ताईंचा आवाज मूळचा खणखणीत. त्या वाचायला लागल्या की रोलरचा आवाज मागे जातो.

मावशी मात्र त्या नाडीबद्दल कधी एक अक्षर बोलल्या नाहीत. रोज सकाळी त्या ताईंच्या मागे उभ्या राहून त्यांच्या एप्रनची गाठ मारतात, कारण ताईंना ती मारता येत नाही. गाठ इतकी घट्ट असते की ताई दरवेळी "श्वास घेऊ द्या" म्हणतात. एवढंच.

तर, कादंबरी. तिचं नाव 'कालच्या गाडीचं तिकीट'. मुखपृष्ठावर एक घड्याळ, एक गुलाब, एक सुरा, एक कवटी आणि वरच्या कोपऱ्यात एक अंतराळयान. चित्रकाराला बहुधा कोणी मध्येच थांबवलं असावं, नाहीतर त्याने बैलसुद्धा काढला असता. मागच्या बाजूला छापलं होतं: 'प्रेम, रहस्य, भय, विज्ञान आणि विनोद, एकाच प्रवासात! एक क्षण परत मिळाला तर तुम्ही काय कराल?' ग्रंथालयात या पुस्तकाला एवढी मागणी होती की ताईंनी नाव लावून ठेवलं होतं. पुस्तक आलं त्या दिवशी त्यांनी आधी मागची बाजूच वाचून दाखवली. शेवटच्या वाक्याला त्यांचा खणखणीत आवाज जरा खाली आला, आणि मावशींची घडी चुकली. मावशी घडी चुकवत नाहीत.

सुरुवात मात्र छान होती, हे मान्य करायला हवं. नायिका लहान असताना धाकट्या बहिणीला घेऊन स्टेशनवर उभी असते. गाडी येते, गर्दीचा लोंढा येतो आणि तिच्या हातून बहिणीचा हात सुटतो. बहीण पुन्हा सापडत नाही. नायिका मोठी होते, एका जुन्या हॉटेलात कामाला लागते आणि तिला ती लिफ्ट सापडते. बस, आता त्या फलाटावर जायचं आणि हात सोडायचा नाही. एवढंच तिचं मागणं. आम्ही सगळे कामाला लागलो. म्हणजे कामाला आम्ही लागलेलोच होतो, पण त्या दिवसांत चादरी सरसर निघत होत्या.

मग लेखकाला काय झालं कोण जाणे. लिफ्ट फलाटावर सोडून सगळीकडे थांबायला लागली. कधी चाच्याच्या जहाजावर, कधी एका राजपुत्राच्या बागेत, कधी सराफाच्या दुकानात जिथे सराफाचा खून झालेला, कधी पुढच्या काळात जिथे यंत्रमानव स्वयंपाक करतो आणि वाईट विनोद सांगतो. प्रत्येक ठिकाणी नायिका प्रकरणभर रमायची आणि शेवटी 'पण तिला फलाट आठवला' असं एक वाक्य यायचं, शाळेत उशिरा आलेल्या मुलाने हजेरी लावावी तसं.

यातून खोलीत तट पडले. वहिनींना राजपुत्र हवा होता. वहिनी म्हणजे आमच्या इस्पितळाच्या गाडीवर असलेल्या ड्रायव्हरची वहिनी, म्हणून सगळ्यांचीच वहिनी. प्रेमप्रकरण सुरू झालं की त्या चादरीची अशा हळुवारपणे घडी करायच्या की मावशींना ओरडावं लागे, "अगं, तो तुझा राजपुत्र नाही, वॉर्डातली चादर आहे!" मला खून हवा होता. मी तर संशयितांची मनात जुळवाजुळवही केली होती आणि माझा दाट संशय त्या यंत्रमानवावर होता. मुकादमांना विजेचं उत्तर हवं होतं. आणि मावशींना फक्त फलाट हवा होता.

"आज खून वाचा ना, ताई," मी म्हणायचो.

"खून काय पळून जातोय? तो मेलाय," वहिनी म्हणायच्या. "राजपुत्र ताटकळलाय तिकडे बागेत."

"पुस्तक जसं आहे तसंच वाचलं जाईल," ताई म्हणायच्या. त्यांचे दोन नियम होते. मध्ये बोलायचं नाही, हा पहिला, जो कोणीच पाळत नव्हतं. दुसरा त्या स्वतःसाठी पाळायच्या: आधी घरी वाचून यायचं नाही. "स्वतः चाखून मग तुम्हाला वाढायचं, हे उष्टं झालं," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे पुढे काय होणार हे आमच्याइतकंच त्यांनाही ठाऊक नसायचं, आणि चांगलं काही आलं की त्यांचा चेहरा आमच्याआधी अर्ध्या ओळीने उजळायचा.

या पुस्तकात ते उजळणं हळूहळू बंद झालं. तरी त्या नेटाने वाचत होत्या.

मग एका सकाळी राजपुत्राचा निकाल लागला. लग्न ठरतं, हार तयार असतात, आणि राजपुत्राच्या दंडावरची खूण पाहून नायिकेला कळतं की हा आपला पणजोबा.

वहिनींच्या हातातला कोपरा सुटला. "कोण?"

"पणजोबा," ताई म्हणाल्या.

"तिचा स्वतःचा?"

"दुसऱ्याचा असता तर लग्न मोडलं नसतं."

"शी! शी शी! आणि मी याच्यासाठी नवऱ्याशी धड बोलत नव्हते आठवडाभर!" वहिनींनी ती चादर अशी आपटली की तिची इस्त्रीच गेली.

मी हसलो. मला वाटलं, गेलं तर प्रेम गेलं, आपला खून शाबूत आहे. दुपारच्या चहाआधी माझाही निकाल लागला. सराफाला मारणारा सराफच होता. म्हातारपणी लिफ्टने मागे येऊन त्याने तरुणपणच्या स्वतःला मारलं होतं.

"मग तो म्हातारा झालाच कसा?" मी रोलर थांबवून विचारलं. रोलर थांबवणं ही साधी गोष्ट नाही.

"तेच तर रहस्य आहे, असं लिहिलंय इथे," ताई म्हणाल्या. त्यांनाही ते म्हणताना लाज वाटत होती.

"रहस्य नाही, फसवणूक आहे ही! मी इतके दिवस त्या बिचाऱ्या यंत्रमानवाकडे संशयाने बघत होतो!"

"आणि वीज?" दारातून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी पुस्तक उघडलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "ताई, आज राहू द्या ना. रेडिओ लावू या. गाणी तरी धड ऐकू." मीही म्हणालो, "हो, एक दिवस राहू द्या." आमच्या मनात वाईट काही नव्हतं. आमचा राग त्या लेखकावर होता, आणि लेखक काही आमच्या हाताला लागण्यासारखा नव्हता.

ताईंनी पुस्तक मिटलं. रेडिओ लागला. त्या स्टुलावर बसून राहिल्या, मांडीवर पुस्तक, त्यावर तो हात. आम्ही सगळे कामात, आणि खोलीत एकटं ते स्टूल तेवढं बिनकामाचं. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला की वाचन बंद झालं तर ताई या खोलीत कशासाठी आहेत, हा प्रश्न उभा राहतो. आम्ही तो विचारला नसता. पण त्यांनी तो स्वतःला विचारला होता.

त्या उठल्या, वहिनींना म्हणाल्या, "सरका जरा," आणि मावशींच्या समोर उभ्या राहून चादरीचे दोन कोपरे हातात घेतले. डाव्या हातातला नीट राहिला. उजव्यातला पहिल्याच झटक्याला सुटला आणि चादर जमिनीवर पडली. जमिनीवर पडलेली चादर पुन्हा धुवायला जाते, हा नियम आहे. ताईंनी ती उचलून मळक्या कपड्यांच्या गाडीत टाकली आणि दुसरी घेतली. तीही पडली. रेडिओवर केसांच्या तेलाची जाहिरात लागली होती. दारातले मुकादम आमच्याकडे पाठ करून बाहेरच्या भिंतीचं निरीक्षण करायला लागले.

तिसरी चादर ताईंनी उचलली तेव्हा मावशींनी जाऊन रेडिओ बंद केला.

"वाच," मावशी म्हणाल्या.

"कोणाला ऐकायचंय?"

"मला ऐकायचंय. ती बया त्या फलाटावर पोचेपर्यंत मला ऐकायचंय. बाकीच्यांनी कानात बोळे घालावेत."

"वाचा ताई," वहिनी रडवेल्या आवाजात म्हणाल्या. "मी पणजोबाला माफ केलं."

मीही सराफाला माफ केलं. ताई स्टुलावर जाऊन बसल्या, आणि वाचायला लागल्यावर पहिल्या चार ओळी त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

त्यानंतर आम्ही शिस्तीने ऐकलं. यंत्रमानवाच्या विनोदांना हसलोसुद्धा. आणि अखेर एकदाची लिफ्ट फलाटावर थांबली. नायिका बाहेर आली. तीच संध्याकाळ, तीच गर्दी, आणि समोर ती स्वतः, लहान, धाकटीचा हात धरून उभी. गाडीची शिटी वाजली. लोंढा आला. मावशी आणि वहिनी चादर ताणून उभ्या, चादर त्यांच्यामध्ये पाळण्यासारखी स्थिर. माझा हात लाल पट्टीवर. ताईंनी वाचलं, "'लहानग्या बोटांची पकड सैल झाली. तिने हात पुढे केला.'" आणि पान उलटलं.

त्या थांबल्या. पान परत मागे केलं, परत पुढे केलं.

"काय झालं?" मावशी.

"'वीस वर्षांनंतर,'" ताईंनी वाचलं. "'समुद्रकाठच्या घराच्या गच्चीवर ती चाच्याबरोबर चहा पीत बसली होती. त्या संध्याकाळी फलाटावर जे घडलं, त्याविषयी ती पुन्हा कधीच कोणाशी बोलली नाही. समाप्त.'"

खोलीत वाफ सुटल्याचा आवाज आला, तो रोलरचा नसून मुकादमांचा होता.

"हे काय? मधली पानं?" वहिनी म्हणाल्या.

"नाहीत."

"फाटली असतील," मी म्हणालो. मुकादम तरातरा आत आले. त्यांना मी वाचनाच्या वेळी उंबऱ्याच्या आत आलेलं पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, उलटं केलं, झटकलं, शिवणीत बोट घालून पाहिलं. मग त्यांना जे जमतं तेच त्यांनी केलं. धुलाईत प्रत्येक वस्तूला नग म्हणतात, चादर असो, अभ्रा असो की सर्जनचा झगा. वॉर्डातून आलेल्या गाठोड्यात सोबतच्या यादीपेक्षा कमी कपडे निघाले तर मुकादम त्याला 'नग कमी' असं छापलेली पिवळी चिठ्ठी टाचून ते परत पाठवतात आणि नग येईपर्यंत हात लावू देत नाहीत. त्यांनी खिशातून तशी चिठ्ठी काढली, खाली 'मुख्य प्रसंग' असं लिहिलं, पुस्तकाला टाचली आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतः ग्रंथालयात गेले.

आम्हाला कोणालाही यात काही वावगं वाटलं नाही. कपडे शिवणारा एक बाही लावायला विसरेल, पण मुद्दाम एक बाही गाळेल, असं कसं होईल? पानं हरवली होती, ती मिळतील, अशी आमची खात्री होती. मावशी डबा न उघडता बसून राहिल्या.

मुकादम परतले ते पडलेल्या चेहऱ्याने. पुस्तक तेच, चिठ्ठी तशीच.

"दुसरी प्रत काढायला लावली," ते म्हणाले. "तिसरीपण. सगळ्यांत तसंच आहे. तिथल्या बाई हसल्या मला. म्हणाल्या, पानं गेलेली नाहीत, लेखकाने तो प्रसंग वाचकांच्या कल्पनेवर सोपवलाय."

"सोपवलाय म्हणजे?"

"म्हणजे आपलं काम दुसऱ्यावर ढकललंय. इथे कोणी असं केलं असतं तर मी मेमो दिला असता."

मी मोठ्याने हसलो, वहिनी हसल्या. ताईंनी पुस्तक घेतलं आणि त्यावरची चिठ्ठी वाचून त्यासुद्धा हसल्या. मावशी हसल्या नाहीत.

"म्हणजे धरला की नाही हात?" त्या म्हणाल्या.

"ते लिहिलेलं नाही, मावशी," ताई म्हणाल्या.

"मग एवढं चाचा नि पणजोबा कशाला ऐकवलं मला? मला तेवढंच हवं होतं. तिथे पोचल्यावर माणूस काय करतं, तेवढंच." मावशींचा आवाज चढत गेला आणि मध्येच फाटला. "मला माहीत आहे मी काय केलं असतं. ती नाडी कापून टाकली असती घरीच. एप्रनच घातला नसता. त्या दिवशी कामावरच आले नसते मी. रोज सकाळी तुझी गाठ मारताना हेच येतं मनात, रोज, आणि ह्या मेल्याला एक पान लिहिता आलं नाही!"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या खोलीत नाडी हा शब्द उच्चारला गेला होता. आमच्यापैकी कोणाला कुठे बघावं कळेना. मी माझ्या लाल पट्टीकडे बघत राहिलो.

ताई स्टुलावर बसल्या. त्यांनी पुस्तक उघडलं, अगदी शेवटी, जिथे ग्रंथालयाची तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते तिथे, आणि घसा साफ केला.

"'लिफ्ट थांबली,'" त्यांनी वाचलं. अगदी वाचनाच्या आवाजात. "'दार उघडलं. समोर फलाट नव्हता. समोर एक खोली होती, वाफेने भरलेली. टेबलाशी एक बाई उभी होती. तिचे केस अजून काळे होते.'"

"काळे कुठले, तेव्हाच पिकले होते," मावशी नाक पुसत म्हणाल्या.

"मध्ये बोलायचं नाही. 'ती लिफ्टमधून उतरली आणि त्या बाईला म्हणाली, मावशी, तुमची नाडी सुटलीय, बांधा. त्यावर मावशी म्हणाल्या...'" ताईंनी मान वर करून मावशींकडे पाहिलं.

मावशींनी पुन्हा नाक पुसलं. मग म्हणाल्या, "मला शिकवू नकोस, तुझं तू बघ. असंच म्हणाले असते मी."

"अगदी हेच छापलंय," ताई म्हणाल्या. "'मग ती तिथेच उभी राहिली. मावशी कोणाचं ऐकत नाहीत हे तिला माहीत होतं. रोलर किती तापलाय, तेही माहीत होतं. मावशी वाकल्या. नाडी आत गेली. आणि तिने हात पुढे केला.'"

इथे लेखकाने पान उलटलं होतं. ताईंनी उलटलं नाही.

"'आणि घातला,'" त्या म्हणाल्या.

"का गं?" मावशी कळवळून म्हणाल्या. "सगळं ठाऊक असताना?"

"'ठाऊक होतं म्हणूनच,'" ताई तारखांच्या चिठ्ठीवर बोट ठेवून वाचत होत्या. "'फक्त या वेळी डावा घातला. समाप्त.'"

आधी कोणाला कळलंच नाही की हसायचं आहे. मग मुकादम हसले, ते मुकादम, आणि मग सगळी खोलीच सुटली. वहिनी टेबलाला धरून हसत होत्या, अभ्रेवाल्या दोघीतिघीसुद्धा हसत होत्या. मावशी हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या, आणि पुसायला त्यांनी हातात आली ती ताजी इस्त्रीची चादर घेतली होती. मुकादमांनी ते पाहिलं. ती चादर पुन्हा धुवायला टाकायला हवी होती. त्यांनी ती स्वतःच्या हाताने गाडीत टाकली.

"बरं लिहिलंय," मावशी म्हणाल्या. "चाच्यापेक्षा बरं."

"विजेचं राहिलंच," मुकादम दाराकडे जाता जाता म्हणाले.

पुस्तक त्याच संध्याकाळी परत गेलं. पिवळी चिठ्ठी काढायला आम्ही सगळेच विसरलो, किंवा विसरलो असं आम्ही ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखंच झालं. मावशींनी ताईंच्या मागे उभं राहून गाठ मारली, ताई म्हणाल्या, "श्वास घेऊ द्या." मग मावशींनी स्वतःचा एप्रन गळ्यात अडकवला आणि नाड्या मागे सोडून ताईंकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

ताईंना काही क्षण कळलं नाही. मग त्यांनी नाड्या हातात घेतल्या. डाव्या हाताने फास केला, उजव्याच्या ताठ बोटांनी तो दाबून धरला, तो निसटला, पुन्हा केला. मी रोलर सुरू केलाच नाही. वहिनी चादर घेऊन थांबल्या. दाराशी मुकादम घड्याळाकडे न बघता उभे होते.

गाठ झाली, पण ढिली झाली. मावशी त्या दिवशी माझ्या यंत्राच्या बाजूला फिरकल्या नाहीत. दुपारपर्यंत नाडी दोनदा सुटली आणि दोन्ही वेळा मावशी हातातली चादर ठेवून ताईंच्या स्टुलाशी गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या.